पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं कोर्टात सांगावं लागतं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तालुक्याच्या गावी तुमचा दवाखाना. रात्री साडेदहाला तिशीतला एक माणूस तळहाताला टॉवेल गुंडाळून आला. उसाला गेलो होतो, विळा निसटला म्हणाला. तुम्ही केसपेपरवर तेच लिहिलं, सात टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. टाके घालता घालता तो बोलून गेला, "बांधावरनं झालं डॉक्टर. त्यालाबी लागलंय." तिसऱ्या दिवशी तो दुसरा माणूस जिल्हा रुग्णालयात वारला. आता तपासी अंमलदार केसपेपर मागतायत, जबाबाला बोलावतायत. पेशंटचा थोरला भाऊ मात्र सांगून गेलाय की डॉक्टर आणि पेशंटमधलं बोलणं कायद्यानं गुप्त असतं, जज्जसुद्धा विचारू शकत नाही. आणि तुम्हाला झोप नाही.

मी 27 वर्षं सरकारी नोकरीत काढली. आधी ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा आणि शेवटची नऊ वर्षं जिल्हा रुग्णालयाचा अपघात विभाग. साक्षी किती दिल्या ते मोजणं कधीच सोडून दिलं. वकील नाही मी, त्यामुळे हे पिंजऱ्यात उभं राहून शिकलेलं आहे असं समजून वाचा. पोलीस तुम्हालाच आरोपी करण्याची भाषा बोलायला लागले तर मात्र इथं वाचत बसू नका, त्याच दिवशी फौजदारी वकील गाठा.

भाऊ चुकतोय, पण पूर्ण चुकत नाहीये. त्यानं दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात, आणि आपल्यातले निम्मे डॉक्टरही तेच करतात.

पहिली गोष्ट म्हणजे कोर्टात उत्तर न देण्याचा हक्क. आपल्याकडे तो वकिलाला आहे, अशिलानं त्याला व्यवसायाच्या नात्यानं सांगितलेल्या गोष्टींपुरता. नवरा-बायकोच्या आपसांतल्या बोलण्यालाही तसं संरक्षण आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात हे होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही आहे: नवरा-बायकोसाठी कलम 128, वकिलासाठी 132. डॉक्टरचं नाव ना जुन्या यादीत होतं, ना नव्या. हे विसरून राहिलेलं नाही, त्याला फार जुनं मूळ आहे. 1776 साली लंडनला डचेस ऑफ किंग्स्टन या उमरावीणबाईंवर दोन नवरे केल्याचा खटला चालला. त्यांच्या ओळखीच्या सर्जननं आधीच्या लग्नाबद्दल विश्वासानं कळलेलं सांगायला कां-कू केली. लॉर्ड मॅन्सफिल्ड म्हणाले, सर्जननं आपण होऊन गुपित फोडलं तर तो अप्रामाणिकपणा ठरेल, पण कोर्टात कायद्यानं विचारल्यावर सांगितलं तर त्याला कोणी बोल लावणार नाही. इंग्रजांनी आपला पुरावा कायदा लिहिला तो याच मुशीतून.

मग भावानं हे आणलं कुठून? बहुतेक अमेरिकी मालिकांतून. तिकडं 1828 साली न्यूयॉर्कनं पहिल्यांदा डॉक्टरच्या गुप्ततेला कायद्याचं कवच दिलं आणि पुढे अनेक राज्यांनी दिलं. पण मालिका अर्धंच सांगतात. त्याच देशात कॅलिफोर्नियाचा पुरावा कायदा स्पष्ट म्हणतो की डॉक्टर-पेशंटचं हे कवच फौजदारी खटल्यात लागूच नाही. म्हणजे भाऊ कॅलिफोर्नियात असता तरी त्याचं म्हणणं टिकलं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे गुप्तता राखण्याचं कर्तव्य, आणि ते आपल्यावर पक्कं आहे. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या व्यावसायिक वर्तन नियमांत 7.14 हा नियम आहे. (2023 साली नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे अजून 2002 चेच धरायचे.) पेशंटचं व्यवसायात कळलेलं गुपित उघड करायचं नाही, असं तो सांगतो आणि तीन वाटा मोकळ्या ठेवतो. एक, कोर्टात, पीठासीन न्यायाधीशांच्या आदेशानं. दोन, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि ओळखता येणारा धोका असेल तर. तीन, कळवणं बंधनकारक असलेले आजार. तुम्ही मोडला तर कौन्सिल तुमच्यावर कारवाई करू शकतं.

आता ही दोन्ही शेजारी ठेवून बघा. भावाला वाटतंय की गुप्तता ही तुमच्या हातातली ढाल आहे. तसं नाही. ते तुमच्या तोंडाला लावलेलं कुलूप आहे आणि किल्ली न्यायाधीशांकडे आहे. शेजारी, पत्रकार, मयताचे नातेवाईक, आमदारांचा पीए, आणि हो, पेशंटचा भाऊसुद्धा, यांच्यासाठी ते उघडत नाही. म्हणून "सांगू की नको" यावर डोकं शिणवू नका. विचार याचा करा: कोणाला, कुठल्या कागदावर आणि किती.

सुरुवात पोलिसांपासून. हवालदार मोटरसायकल लावून आत येतो, "साहेबांनी केसपेपर मागितलाय, द्या जरा" म्हणतो. अशा तोंडी मागण्यावर काही देऊ नका, आणि भांडूही नका. "लेखी आणा, लगेच देतो" एवढंच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम 94 खाली ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढून कागद मागू शकतो. त्या कलमात डॉक्टरांच्या कागदांना वेगळी सूट नाही. 2002 च्या नियमांतही आहे की पेशंटनं किंवा संबंधित कायदेशीर यंत्रणेनं रेकॉर्ड मागितलं तर मागणीची पोच द्यायची आणि 72 तासांत कागद द्यायचे. लेखी पत्र आलं की आवक क्रमांक टाका, साक्षांकित प्रत द्या, तुमच्या प्रतीवर पोच घ्या. मूळ केसपेपर जप्तच करायचा म्हणाले तर पंचनाम्याची प्रत मागा आणि आधी रंगीत झेरॉक्स काढून ठेवा. पत्रात एका तारखेचा केसपेपर मागितला असेल तर तोच द्या. त्याच माणसाची तीन वर्षांपूर्वीची गुप्तरोगाची नोंद तुमच्याकडे असेल, ती कोणी मागितलेली नाही.

जबाबाला बोलावलं तर जायचं. प्रश्नांची खरी उत्तरं द्यायची. ज्या उत्तरानं तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकाल तेवढंच नाकारता येतं. पोलिसांपुढच्या जबाबावर सही करायची नसते, त्याच संहितेचं कलम 181 तसं सांगतं. तरी कोणीतरी पेन पुढे करतोच. हसून परत करायचं.

आणि "त्यालाबी लागलंय" हे वाक्य? विचारलं तर सांगावं लागेल. इथं लोकांना वाटतं की 7.14 आड येतो, कारण त्यात कोर्टाचा आदेश म्हटलंय, पोलिसांचा नाही. हा मुद्दा खरोखर धूसर आहे, आणि मी धूसरच ठेवतो. मी असा वागायचो: जखम काय, किती वाजता, पेशंटनं जखमेचं कारण काय सांगितलं, एवढं पोलिसांना सांगायचो, कारण ते उपचाराच्या नोंदीचाच भाग. त्यापलीकडचं घरगुती, खासगी काही असेल तर लेखी कळवायचो की हे गोपनीय आहे, न्यायालयाचा आदेश झाल्यास सांगेन. एकदाही कोणी त्यावरून त्रास दिला नाही. पण तुमच्या पेशंटचं ते वाक्य जखमेच्या कारणाचंच आहे, ते या दुसऱ्या खणात बसत नाही. आणि खोटं, म्हणजे "तो काहीच बोलला नाही", असं कधीही सांगायचं नाही. गप्प राहणं आणि खोटं सांगणं यात तुरुंगाच्या भिंतीएवढं अंतर आहे.

यातूनच निघतो तो धोका ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. केसपेपरवर "विळा निसटून" असं लिहिलंय, मारामारीचं लिहिलेलं नाही. आता रात्री बसून मधल्या मोकळ्या ओळीत "हाणामारीची हकीकत" असं बारीक अक्षरात घुसवावंसं वाटतंय ना? करू नका. एका सत्र खटल्यात मी माझ्या साक्षीची वाट बघत बसलो होतो. माझ्या आधीच्या डॉक्टरांचा केसपेपर बचावाच्या वकिलांनी उचलला आणि काही न बोलता खिडकीशी नेऊन उजेडात धरला. एक ओळ निळी, तिच्याखालची निळीच, पण जांभळट. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "डॉक्टरसाहेब, त्या रात्री आपल्या खिशात किती पेनं होती?" पुढचा अर्धा तास मला खाली मान घालून ऐकवेना. जखमेबद्दल त्या डॉक्टरांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. कोणी विश्वास ठेवला नाही.

आठवतंय ते लिहायचंच असेल तर वेगळ्या कागदावर, आजची तारीख आणि वेळ टाकून लिहा: "अमुक तारखेला टाके घालताना रुग्णाने असे शब्द उच्चारल्याचे आठवते, त्या वेळी नोंद केली नव्हती." उशिरा लिहिलेलं खरं चालतं. मागची तारीख टाकलेलं खरंसुद्धा चालत नाही.

"मग मी त्याच रात्री पोलिसांना का कळवलं नाही, म्हणून मला अडकवतील का?" हे तुम्ही शेवटी, जरा घाबरत विचारलंय. प्रत्येक जखम पोलिसांना कळवा असं सांगणारा एकच सरसकट कायदा खासगी डॉक्टरसाठी नाही. सरकारी रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंध येऊ शकणाऱ्या जखमेची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करण्याचे आदेश आणि पद्धत असते, खासगीतही ती पाळलेली बरी. कायद्यात जे आहे ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 33. ते डॉक्टरालाच नाही, प्रत्येक माणसाला लागू आहे. खून, सदोष मनुष्यवध, दरोडा, खंडणीसाठी अपहरण अशा यादीतल्या गुन्ह्याची माहिती असेल आणि वाजवी कारण नसेल तर कळवायलाच हवं. साधी हाणामारी त्या यादीत नाही. त्या रात्री तुम्हाला काय माहीत होतं? तळहात कापलाय आणि दुसऱ्यालाही "लागलंय", एवढंच. माणूस मरेल हे माहीत नव्हतं, आणि मेला तेव्हा पोलिसांना तुमच्या आधी कळलं होतं. माहिती असून जाणूनबुजून दडवणं हा गुन्हा आहे. तुमच्या बाबतीत मला तो दिसत नाही. मात्र पुढच्या वेळी धारदार हत्याराची जखम आणि न पटणारी कहाणी एकत्र आली की चौकीला दोन ओळींची सूचना पाठवा. पोच ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता हे भावाला कळलं तर तो उडेल. तुमचा केसपेपर कदाचित त्याच्या भावालाच वाचवेल.

तळहाताची जखम आहे. कोणी विळा किंवा कोयता उगारला आणि समोरच्यानं पातं हातात धरलं तर तळहातावर, बोटांच्या आतल्या बाजूला आडवा काप बसतो. आम्ही त्याला बचावाची जखम म्हणतो. उलट, वार करणाऱ्याचाच हात रक्तानं निसटून पात्यावर गेला तरी तिथंच कापतं. दोन्ही शक्य आहे, आणि कुठलं झालं हे ठरवणं तुमचं काम नाही. तुमचं काम म्हणजे लांबी, रुंदी, खोली, कडा, कुठून कुठवर, कुठल्या बाजूला निमुळती होत गेली, बोटं हलतात का, हे सगळं लिहिणं. हे लिहिलेलं असेल तर त्याचा वकील स्वसंरक्षणाचा मुद्दा उभा करू शकतो. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षानं द्यायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या 1976 च्या निकालात ठामपणे सांगितलंय. ज्या कागदानं भाऊ धास्तावलाय तोच कागद उद्या आरोपीच्या वकिलाला हवा असेल. मी अशा दोन खटल्यांत बचावाचा साक्षीदार म्हणून उभा राहिलोय.

आणि गुप्तता पेशंटच्या हिताची असते, तीवर पहिला हक्क त्याचाच. त्यानं स्वतः मागितलं तर "गोपनीय आहे" म्हणून डॉक्टर कागद अडवू शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं 1996 सालीच रघुनाथ रहेजा प्रकरणात हे सांगितलंय. तेव्हा भावाला म्हणा, "दादा, तुम्हाला काही सांगता येत नाही. पण त्यानं किंवा त्याच्या वकिलानं लेखी मागितलं तर प्रत लगेच मिळेल." बहुतेक वेळा इथं आवाज खाली येतो.

बोललेल्या शब्दांचं काय होतं, तेही एकदा समजून घ्या. पेशंटनं दवाखान्यात, मोकळा असताना, कोणी दरडावलं नसताना सांगितलेलं कोर्टापुढे येऊ शकतं. ते न्यायालयाबाहेरच्या कबुलीसारखं धरतात. अशी कबुली कच्चा पुरावा समजतात, दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधतात. "त्यालाबी लागलंय" ही तर कबुलीही नाही, "मी मारलं" असं तो म्हणालेला नाही. वकील यावर तासभर वाद घालतील, घालू द्या. तुम्ही त्याचे शब्द जसेच्या तसे सांगायचे, त्याच्या बोलीत. सुधारून पुस्तकी करू नका. "रुग्णाने मारहाणीची कबुली दिली" असं तुम्ही म्हणालात तर तुम्ही साक्षीदार उरला नाहीत, फिर्यादी झालात.

मात्र तोच माणूस अटकेत असताना पोलिसांबरोबर तुमच्याकडे आला आणि बोलला, तर चित्र उलटं. पोलीस कोठडीत असताना दिलेला कबुलीजबाब, मॅजिस्ट्रेटसमोर नसेल तर, त्याच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही. हवालदार दाराबाहेर चहा पीत उभा होता म्हणून कोठडी संपत नाही. माझ्या हाताखालचे नवे डॉक्टर अशा वेळी आरोपीची सगळी कहाणी पानभर लिहायचे. मी फाडायला लावायचो नाही, कारण कागद फाडायचा नसतोच. पण पुढच्या वेळेसाठी सांगायचो: जखमा लिहा, कशानं लागलं तेवढं विचारा, "कोणी, का, कसं" हे तपासी अंमलदाराचं खातं आहे. आणि पोलिसांनी मारल्याचं त्यानं सांगितलं तर ते मात्र एक शब्दही न गाळता लिहा.

अटकेतल्या माणसाची पोलिसांच्या विनंतीवरून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 51 खाली तपासणी करता, रक्त घेता, तेव्हा तुम्ही त्याचे खासगी डॉक्टर नसता. तो अहवाल मुळात पोलिसांसाठीच असतो, त्यात लपवण्याचा प्रश्न येत नाही. सुरुवातीलाच त्याला तसं सांगून टाकायचं. मी म्हणायचो, "मी आता तुझा डॉक्टर नाही, कोर्टाचा डोळा आहे." जरा नाटकी आहे, पण लगेच कळायचं.

आता प्रत्यक्ष पिंजरा. समन्स आलं की जायचं. तारखेला ओपीडी आहे म्हणून टाळलं आणि वॉरंट घेऊन तेच हवालदार आले, असं माझ्या एका मित्राचं झालंय, भर गर्दीच्या वेळी. शपथ झाली, सरतपासणी सुरू झाली, आणि सरकारी वकिलांनी विचारलं, "पेशंटनं तुम्हाला काय सांगितलं?" इथं न्यायाधीशांकडे वळायचं आणि म्हणायचं, "हे व्यवसायात विश्वासानं कळलेलं आहे. न्यायालयाचा आदेश असेल तर सांगतो." न्यायाधीश बहुधा वर न बघताच म्हणतील, "सांगा." झालं. तुमचं कर्तव्य पाळलं गेलं, 7.14 ची पहिली वाट उघडली, आणि त्याला लागली दहा सेकंदं. ते नोंदीत यावं एवढी विनंती करा. त्यानंतरही उत्तर द्यायला नकार दिलात तर कोर्ट तुम्हाला सात दिवसांपर्यंत आत बसवू शकतं. माझ्या पाहण्यात असा हट्ट कोणी केलेला नाही. माहिती फारच नाजूक असेल तर लिहून बंद लिफाफ्यात देण्याची किंवा बंद दाराआड साक्ष घेण्याची विनंती करता येते, मान्य करणं न करणं त्यांच्याकडे. आठवत नसेल तर परवानगी मागून केसपेपर बघा, त्यात कमीपणा नाही. आणि विचारलं तेवढंच बोला. डॉक्टर पिंजऱ्यात हरतो तो बहुतेक वेळा चौथ्या वाक्याला.

तुमच्यापुरतं एवढं पुरे. पण प्रश्नाखाली बऱ्याच जणांनी "मग गुप्तता उरली कुठे" असं विचारलंय, म्हणून दोन टोकं दाखवतो: जिथं कोणी न विचारता आपणच उठून सांगायचं असतं, आणि जिथं विचारलं तरी सहज सांगायचं नसतं.

पहिलं टोक म्हणजे पॉक्सो, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. 18 वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर त्याच्या कलम 19 खाली पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सद्भावनेनं कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात, तिथं उपचार करणाऱ्या डॉक्टरनं माहिती असून कळवलं नाही असा आरोप होता. नागपूर खंडपीठानं त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश फिरवला.

कागदावर सोपं दिसतं. समोर सोळा वर्षांची मुलगी पोट दुखतं म्हणून आलेली असते, सोनोग्राफीत वीस आठवडे दिसतात, आणि आई पदर तोंडाला लावून म्हणते, "डॉक्टर, पाया पडते, गावात कळलं तर हिचं लग्न व्हायचं नाही." माझ्याकडे अशी आई आली तेव्हा मी पंखा बंद करून बसलो होतो, इतका वेळ कोणी बोललं नाही. शेवटी म्हणालो, "ताई, कळवायचं की नाही हे माझ्या हातात नाही. कोणाकोणाला कळू द्यायचं नाही हे मात्र माझ्या हातात आहे." वॉर्डातल्या दोन सिस्टर सोडून नाव कोणाला कळू दिलं नाही. पीडितेची ओळख छापणं किंवा जाहीर करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हे पोलीस पाटलालाही तोंडावर सांगितलं. आज तोच प्रसंग आला तर मला आणखी एक आधार मिळेल. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली असेल, आणि तिनं व तिच्या पालकानं विनंती केली, तर पॉक्सोखाली कळवताना डॉक्टरनं तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही, पुढे फौजदारी खटल्यातही नाही. कळवणं माफ झालेलं नाही, नाव माफ झालंय. हा फरक अजून अनेक ठाण्यांत माहीत नसतो. निकालाची प्रत टेबलाच्या खणात ठेवा.

सज्ञान स्त्री बलात्कारानंतर उपचाराला आली तर उपचार तात्काळ आणि मोफत करायचे, खासगी रुग्णालयानंसुद्धा, आणि पोलिसांनाही कळवायचं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 397. पण पोलिसांना कळवलं म्हणजे तिनं तक्रार केलीच पाहिजे असं नव्हे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की तिला समजावून सांगा, आणि ती नको म्हणाली तर तिचा तो समजून दिलेला नकार लिहून ठेवा. उपचार त्यावर अडवायचे नाहीत.

दुसरं टोक. एचआयव्ही: 2017 च्या कायद्याखाली, न्यायहितासाठी आवश्यक आहे असं ठरवून कोर्टानं आदेश दिल्याशिवाय कोणाला स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही, म्हणजे ठाण्याचं पत्र इथं पुरत नाही. गर्भपात: गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव कायद्यानं अधिकार नसलेल्याला सांगितलं तर डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि गर्भपाताचं ॲडमिशन रजिस्टर गोपनीय दस्तऐवज आहे. मानसिक आजार: 2017 च्याच मानसिक आरोग्य कायद्यात गुप्तता हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिलाय. अपवाद आहेत, पण दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून सांगायचं असेल तर त्या इजेपुरतंच. पेशंटनं शेजाऱ्याला मारायचं ठरवलंय आणि कुऱ्हाड घरात आणून ठेवलीय म्हटल्यावर कळवायचं, पण तो कुठल्या गोळ्या घेतो ते कशाला सांगायचं?

तुम्ही एक ओळ सगळ्यात शेवटी लिहिली आहे, ती मला विशेष आवडली: "तो टाके काढायला आला तर?" तळहाताचे टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात, म्हणजे पुढच्या आठवड्यात. आला तर काढा. टाके काढणं म्हणजे आरोपीला आसरा देणं नव्हे. पोलीस शोधत असतील आणि त्यांनी तुम्हाला लेखी कळवून ठेवलं असेल तर कळवा, पण टाके काढायचे राहू देऊ नका. पोलीसच त्याला घेऊन आले तर हवालदाराला पडद्याबाहेर उभं करा, वेळ लिहा, कोणाबरोबर आला ते लिहा, जखम भरली का, बोटं वळतात का ते लिहा. तो त्या रात्रीचं पुन्हा काही बोलायला लागला तर म्हणा, "हात सरळ धर, हलवू नकोस."